वाट कोणी अडविली?

क्रिकेटमधील यष्टिरक्षक आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळात साधारण तेच काम करणाऱ्या खेळाडूस ‘कॅचर’ म्हणतात. तो फलंदाजाच्या मागे वाकून बसतो आणि त्याच्याही मागे पंच उभा असतो. आता अशी कल्पना करा, की पहिल्या बेसवरील धावक दुसरा बेस चोरण्यासाठी धावत सुटला आहे. कॅचरने चेंडू झेलून सुमारे १२७ फूट दूर असलेल्या दुसऱ्या बेसकडे फेकावयाचा आहे. हे सारे दोन सेकंदांच्या आसपास उरकावे लागते. नेमक्या त्याच वेळी फलंदाज आड आला, तर?

पंच प्रथम फलंदाजाचे पाय पाहतो. फलंदाजासाठी ४ फूट रुंद व ६ फूट लांब अशी चौकट आखलेली असते. तो तिच्या आत स्वस्थ उभा राहिला, तर सहसा त्यास दोष देत नाहीत. त्याने अदृश्य व्हावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु जोराने बॅट फिरविताना तोल जाऊन तो चौकटीबाहेर आला व कॅचरला अडथळा झाला, तर तो बाद होतो. “मी मुद्दाम केले नाही,” ही सबब येथे चालत नाही. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणातील अडथळ्याबद्दल बाद देताना हेतू पाहतात. येथे परिणाम पाहतात.

तरीही पंच घाई करीत नाही. कॅचरच्या फेकीने धावक बाद झालाच, तर अडथळा झालाच नाही असे मानतात. तसे न घडल्यास फलंदाज बाद ठरतो आणि धावकांना मूळ बेसवर परतावे लागते. फलंदाज तिसऱ्या स्ट्राइकने आधीच बाद झाला असेल, तर त्याच्या चुकीपायी धावक बाद होतो.

फलंदाजाने चेंडू टोलविला, की मात्र तो स्वतःच धावक बनतो आणि प्रश्न अधिक बिकट होतो. १४ ऑक्टोबर १९७५ रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना दहाव्या डावात बरोबरीत होता. सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरने चेंडू हलकेच पुढ्यात टाकला. तो उचलावयास धावलेला बोस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क त्याच्यावर आदळला. फिस्कची फेक दुसऱ्या बेसवरून पार मैदानात गेली. पंच लॅरी बार्नेट यांनी अडथळा मानला नाही. बोस्टनने परोपरीने विरोध केला. पण निर्णय टिकला. थोड्याच वेळात सिनसिनाटीने सामना ६–५ असा जिंकला व पुढे मालिकाही ४–३ अशी जिंकली.

चेंडूकडे जाणारा कॅचर आणि पहिल्या बेसकडे निघालेला फलंदाज यांची टक्कर झाली, तर सामान्यतः कोणासही दोषी धरू नये, असे नियमांवरील टिप्पणीत सांगितले आहे. कारण दोघेही आपापले कर्तव्यच करीत असतात. त्या टकरीविषयी मात्र आजही दुमत आहे. प्रेक्षकांना वाद घालावयास वर्षे मिळतात. पंचाला मिळतो केवळ एक क्षण. पुढच्या वेळी पंचाच्या निर्णयावर रागावण्यापूर्वी, वाचकहो, एवढे अवश्य आठवावे.