किहीमपासून लोदपर्यंत: बेने इस्रायली घराण्याचा माग

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या माणसाला त्याचं कूळ विचारलं की गोष्ट सुरू होते नवगावच्या किनाऱ्यावर. गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तिथंच पुरलं. कोणी हे दोन हजार वर्षांपूर्वीचं सांगतो, कोणी त्याहून अलीकडचं. गोष्ट सुंदर आहे, पण वंशावळ काढणाऱ्यानं ती शेवटासाठी राखून ठेवावी. आजकाल लोक थुंकीचा नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवतात आणि पश्चिम आशियाशी नातं निघालं की समाधान मानतात. त्यातून समाजाचं मूळ थोडंफार उमगतं; पणजोबा पेणमध्ये काय करत होते, ते मात्र उमगत नाही. त्यासाठी तलाठ्याकडेच जावं लागतं.

सुरुवातीला आडनाव मोठी मदत करतं. किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, वाक्रुळकर, अष्टमकर अशी शंभराहून अधिक आडनावं कोकणातल्या गावांवरून पडली आहेत. पूर्व युरोपातल्या ज्यू घराण्याचा शोध घेणाऱ्याला मूळ गाव सापडायलाच वर्षं लागतात. इथं ते नावातच लिहिलेलं असतं. पण या सोयीत एक फसगत आहे. दोन पेणकर कुटुंबं एकाच गावची असतील, एकाच रक्ताची असतीलच असं नाही. दिवेकर तर हिंदूंतही आहेत. शिवाय पलटणीत किंवा सरकारी नोकरीत गेलेल्या अनेकांनी गावाचं नाव टाकून बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं. अशा घरात शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर दुसरंच मिळतं.

नावांचंही तसंच. सॅम्युएल घरात सामाजी असे, हस्साजी म्हणजे एझिकिएल, मुसाजी म्हणजे मोझेस. मुंबईत मांडवीला 1796 मध्ये ‘शार हारहामीम’ हे बेने इस्रायलींचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधणारे कंपनीच्या फौजेतले अधिकारी सॅम्युएल एझिकिएल दिवेकर जुन्या लेखनात सामाजी हस्साजी या नावानं येतात. हे मंदिर लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. जुन्या पत्रात ‘मशिदीत लग्न लागलं’ असं वाचून घराणं मुसलमान झालं होतं की काय, अशी शंका घेऊ नये!

घरातल्या पेटीत सगळ्यात आधी शोधायचा तो केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. नवरा, नवरी, दोघांचे बाप, साक्षीदार, गाव, तारीख, सगळं एका कागदावर. वर्ष ज्यू कालगणनेचं असतं. थडग्यांवर ते बऱ्याचदा हिब्रू अक्षरांत आणि हजाराचा आकडा वगळून कोरलेलं असतं. त्यात 1240 मिळवले की इसवी सन निघतो: 657 म्हणजे 1897. मात्र ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलत असल्यानं नववर्षापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वर्ष कमी धरावं. थडग्यावर मराठी मजकूरही असेल तर ताळा तिथंच जमतो.

मग सरकारी दप्तर. जन्ममृत्यूची जुनी नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात मिळते. जमीन असेल तर फेरफार पाहावेत. इथं जातीच्या रकान्यावर विसंबू नये. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवणारा हा तेल गाळणारा समाज गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. त्यामुळे ‘इस्रायल’, ‘यहुदी’ यांच्याबरोबर ‘तेली’ नोंदीही चाळाव्यात. अलिबाग, पनवेल, रेवदंडा इथल्या सिनेगॉगांत जुनी पुस्तकं कुठं आहेत, हे तिथल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावं. पूर्वी समाजाचा कारभार मुकादम पाहत आणि धर्मविधी व तंटे काजी. झिराडकर, शापूरकर, राजपूरकर ही काजींची घराणी. आपलं मूळ यांपैकी एखाद्यात असेल तर सनदेचा कागद निघण्याची आशा अधिक.

हैम सॅम्युएल केहिमकरांचा इतिहास वाचल्याशिवाय मात्र पुढं जाऊ नये. 1897 मध्ये लिहून झालेलं हे इंग्रजी पुस्तक छापलं गेलं 1937 मध्ये, तेही तेल अवीवला. समाजाचा माणूस समाजाबद्दल लिहितो तेव्हा जो जिव्हाळा आणि जी बाजू घेणं येतं, ते दोन्ही त्यात आहे. शेजारी 1883 चं कुलाबा गॅझेटियर ठेवावं, म्हणजे साहेबाच्या नजरेतून तीच माणसं कशी दिसत ते कळतं.

1948 नंतर समाजातले बहुतेक इस्रायलला गेले. लोद, रामला, अश्दोद, दिमोना इथं स्थिरावले. तिथं आणखी एक कागद तयार झाला. मुख्य रब्बींनी बेने इस्रायलींच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांवर शंका घेतल्या आणि आई-आजीपर्यंतचा वंश तपासण्याची अट घातली. लोकांनी धरणं धरलं. 1964 मध्ये इस्रायली संसदेनं त्यांच्या समान हक्काच्या बाजूनं ठराव केला. अपमानाच्या त्या काळात पुरावे म्हणून जमवलेल्या कागदांत आज नातवंडांना आज्यांची नावं मिळू शकतात. ती मुलं हिब्रू वाचतात, आजीचं मराठी कसंबसं समजतात. इकडचे जुने व्यवहाराचे कागद मात्र मोडीत असण्याचाच संभव जास्त, आणि ते वाचायला पुराभिलेख विभागाच्या मोडी वर्गात शिकलेला कुणीतरी गाठावा लागतो.