पेंग्विन निघाले फिरायला!

बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मनाली नाहीतर गुलमर्ग, भाड्याने घेतलेला ढगळ कोट, गरमागरम मॅगी आणि एकमेकांवर बर्फ फेकतानाचे फोटो. दोन तासांत सगळं आटपतं. बर्फ तिथेच असतो, आपला उत्साह संपलेला असतो! त्यामुळे टोकियोत राहणाऱ्या माझ्या ताईने फेब्रुवारीत फोनवर "होक्काइडोला जाऊया, झू बघायला" असं जाहीर केलं, तेव्हा मी सरळ म्हटलं, "ताई, उणे दहा डिग्रीत झू? प्राणी तरी बाहेर येतील का?"

"तू ये तर खरं," ताई म्हणाली. मागून माझा सहा वर्षांचा भाचा ओरडला, "मावशी, पेंग्विन!" झालं, विषय संपला.

होक्काइडो म्हणजे जपानचं सगळ्यात उत्तरेचं मोठं बेट. इथली माणसं बर्फाचं रडगाणं गात नाहीत, त्याचा उत्सव करतात. साप्पोरोचा जगप्रसिद्ध स्नो फेस्टिव्हल १९५० मध्ये सुरू झाला तो शाळकरी मुलांनी बागेत बनवलेल्या सहा बर्फाच्या पुतळ्यांपासून. आज तिथे इमारतीएवढी शिल्पं उभी राहतात. पोराटोरांना घेऊन जायला ठिकाणंही भरपूर. आमचा पहिला मुक्काम होता नोबोरिबेत्सु.

अस्वलं, किल्ला आणि निन्जा

नोबोरिबेत्सु हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. पण मुलांच्या दृष्टीने ते म्हणजे तीन थीम पार्क एकाच ठिकाणी. डेन्मार्कच्या किल्ल्यासारखी इमारत असलेलं मरीन पार्क निक्स, जुन्या एदो काळातलं गाव उभं करून त्यात निन्जांचे खेळ दाखवणारं जिदाइमुरा आणि रोपवेने डोंगरावर जाऊन बघायचं बेअर पार्क.

हे बेअर पार्क १९५८ पासूनचं. काँक्रीटच्या मोठ्या हौदासारख्या जागेत तपकिरी अस्वलं आणि वर कठड्याला टेकलेले आपण. विकत घेतलेला खाऊ टाकायचा. अस्वलं आता एवढी हुशार झाली आहेत की मागच्या पायांवर उभी राहून, हात हलवून 'इकडे टाक' म्हणतात. 'माणसांचा पिंजरा' हा तर भन्नाटच प्रकार. तिथे आपण आत आणि अस्वल बाहेर! भाच्याने पोट धरधरून हसून घेतलं. मीही हसले. परतताना रोपवेत मात्र त्याने विचारलं, "मावशी, त्यांना एवढी भूक का लागते?"

भूक नाही रे, सवय, असं काहीतरी मी पुटपुटले. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

बंद पडता पडता

दुसऱ्या दिवशी साप्पोरोहून एक्सप्रेस गाडीने दीड तासात आसाहिकावा. १९०२ मध्ये इथे पारा उणे ४१ पर्यंत उतरला होता, म्हणजे थंडी काय चीज असेल बघा. आसाहियामा झू या शहराच्या नगरपालिकेचं. १९६७ मध्ये सुरू झालेलं आणि जपानमधलं सगळ्यात उत्तरेचं. पांडा नाही, कोआला नाही. पूर्वी तर अख्खा हिवाळा गेटला कुलूप असायचं.

१९९४ मध्ये इथला गोरिला आणि लेमूर एका परजीवी आजाराने दगावले आणि झू मोसम संपायच्या आधीच बंद करावं लागलं. लोकांनी पाठ फिरवली. १९९६ मध्ये वर्षभरात जेमतेम २ लाख ६० हजार माणसं आली. झू बंद करावं का, अशी चर्चा सुरू झाली.

पण इथले कीपर भलतेच चिवट. गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांत ते एकत्र बसून आपल्या मनातलं झू कसं असावं याच्या गप्पा मारत. पुढे चित्रकार म्हणून नाव काढलेल्या हिरोशी आबे या कीपरने त्यातून १४ स्केचेस काढली. १९९५ मध्ये संचालक झालेले मासाओ कोसुगे स्वतः प्राण्यांचे डॉक्टर. शहराकडून पैसा मिळू लागल्यावर त्यांनी ही स्वप्नं एकेक करून खरी केली. कल्पना एकदम साधी होती. दुर्मिळ प्राणी आणायचे नाहीत. आहेत त्याच प्राण्यांना, त्यांना जे उत्तम जमतं ते करू द्यायचं आणि लोकांना ते जवळून दाखवायचं.

परिणाम? दहा वर्षांत आकडा वर्षाला ३० लाखांच्या पुढे गेला. २००९ मध्ये या गोष्टीवर सिनेमासुद्धा आला.

बघायचं काय?

सीलच्या घरात छतापासून जमिनीपर्यंत पाण्याने भरलेली काचेची उभी नळी आहे. सील टॉर्पेडोसारखा वरून खाली सुळकन जातो, मध्येच थांबून आपल्याकडे टकामका बघतो. कोण कोणाला बघायला आलंय हेच कळत नाही. हा होक्काइडोच्या समुद्रात सहज दिसणारा सील, त्याचं कोणाला कसलं कौतुक! पण नळीपाशी गर्दी हटत नव्हती.

पोलर बेअरच्या आवारात जमिनीतून वर आलेला पारदर्शक घुमट आहे. आपण खालून त्यात डोकं घालायचं. अस्वलाला ते बर्फातून डोकावणाऱ्या सीलच्या डोक्यासारखं दिसतं. थोडक्यात, आपण अस्वलाचं लंच! बिबट्या डोक्यावरच्या जाळीवर पसरलेला असतो आणि खालून त्याच्या पंजांच्या गाद्या दिसतात. पेंग्विनच्या घरात पाण्याखालच्या बोगद्यातून चालताना ते डोक्यावरून चक्क उडतात.

आणि मग तो वॉक. हिवाळ्यात पेंग्विन आळसावतात, त्यांचा व्यायाम व्हावा म्हणून हा प्रकार सुरू झाला. रानातले किंग पेंग्विन तसेही समुद्राकडे कळपाने चालत जातातच. बर्फावर आखलेल्या रेषेमागे आम्ही शेकडो माणसं उभी. बँड नाही, शिट्टी नाही, खाऊचं आमिष नाही. पेंग्विन आले. ऑफिसला निघालेल्या साहेबांसारखे, छाती पुढे काढून, डुलत डुलत. एक मध्येच थांबला आणि चोच वर करून आकाशाकडे बघत राहिला. कीपर त्याच्यामागे नुसता उभा राहिला. घाई नाही, ढकलणं नाही. मग साहेबांचा मूड आला आणि वरात पुढे सरकली.

भाचा हसला नाही. तो श्वास रोखून बघत होता.

तिथे मला रोपवेतल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. कालची अस्वलं आपल्यासाठी काहीतरी करत होती. हे पेंग्विन आपापलं काम करत होते आणि आपल्याला फक्त बघायची परवानगी होती. पिंजरा आहेच, तो इथेही नाकारता येत नाही. पण इथे कीपर हाताने लिहिलेल्या पाट्या लावतात आणि एखादा प्राणी गेला तर तसंही लिहितात. मृत्यू लपवायचा नाही, कारण तोही जगण्याचाच भाग. एवढा प्रामाणिकपणा असलेलं झू मी तरी आधी पाहिलं नव्हतं.

जुलैमध्ये भाचा सुट्टीला मुंबईत आला. अर्थात राणीबाग झालीच. २०१७ पासून लोकांना बघायला मिळणारे तिथले हम्बोल्ट पेंग्विन मुळात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फ लागतच नाही, हे ज्ञान मी त्याला दिलं. तो काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत होता. मग म्हणाला, "मावशी, ह्यांना फिरायला कोण नेतं?"

जायचंय? मग हे वाचा

कधी : पेंग्विन वॉक साधारण डिसेंबरच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, तोही पुरेसा बर्फ असेल तरच. हिवाळ्यात झू सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन. ३० डिसेंबर ते १ जानेवारी बंद.

कसं : टोकियोहून विमानाने साप्पोरो किंवा थेट आसाहिकावा. स्टेशनवरून झूपर्यंत बस, साधारण ४० मिनिटं. व्हिसा आधी काढा.

कपडे : एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. बुटांना लावायचे काटे आणि खिशातले हीट पॅक तिथेच दुकानात मिळतात. झू चढावर आहे, घसरलात तर पेंग्विन बघतील!

पोटोबा : बटाटा, मका, चीज आणि आइस्क्रीम फर्स्ट क्लास. शाकाहारी मंडळींनी सूप आधी विचारून घ्यावं, त्यात बहुधा मासळीचा अर्क असतो. बॅगेत लाडू असू द्या.

कॅमेरा : फ्लॅश बंद. थंडीत बॅटरी पटकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. आणि वॉकच्या वेळी निदान दोन मिनिटं तो तिथेच राहू द्या.