सिकलसेल : पहिल्या चाचणीवर थांबू नका

येवल्यात पैठणी मागावर चढण्यापूर्वी रेशमाच्या लडी उकलून धागे सुटे करावे लागतात. गुंता तसाच राहिला तर विणकाम पुढे सरकत नाही. रक्ताच्या एका महत्त्वाच्या तपासणीतही असेच आहे. रक्तातले हिमोग्लोबिन एकाच प्रकारचे नसते. ते वेगवेगळे केल्याशिवाय सिकलसेलचे निदान पक्के होत नाही.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार विदर्भात, नंदुरबारमध्ये आणि नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा, पेठ, कळवण अशा आदिवासी भागात आढळतो. मात्र तो केवळ आदिवासी समाजांपुरता मर्यादित नाही. शिवाय लग्न आणि रोजगारासाठी माणसे तालुके ओलांडतात. त्यामुळे ‘आपल्याकडे हा आजार नाही’ असे कुठेच गृहीत धरू नये.

गावपातळीवर आधी विद्राव्यता चाचणी होते. रक्ताचे काही थेंब रसायनात मिसळले आणि द्रावण गढूळ झाले की चाचणी ‘पॉझिटिव्ह’. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती एवढेच सांगते की सिकल हिमोग्लोबिन आहे. व्यक्ती फक्त वाहक आहे की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. आणि खरा प्रश्न तोच असतो.

त्याचे उत्तर इलेक्ट्रोफोरेसिस देते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यातले सहावे, ग्लुटामिक आम्ल, बदलून तिथे व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने रेणूवरचा विद्युतभार बदलतो. वीजप्रवाह सोडला की सिकल हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा हळू सरकते आणि पट्टीवर दोघांच्या वेगळ्या रेघा उमटतात. वाहकाच्या रक्तात दोन्ही रेघा दिसतात. रुग्णाच्या रक्तात नेहमीच्या हिमोग्लोबिनची रेघ नसते. अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये याच पद्धतीने दाखवून दिले, की आजाराचे मूळ एका रेणूत असू शकते.

आता बऱ्याच ठिकाणी एचपीएलसी यंत्र वापरतात. त्यातल्या बारीक नळीतून प्रत्येक प्रकारचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडते आणि त्याचे प्रमाणही मोजले जाते. मधुमेहींची ‘तीन महिन्यांची साखर’ अनेक प्रयोगशाळांत याच तंत्राने मोजतात. एचपीएलसीमध्ये बीटा थॅलेसेमियाचा वाहकही ओळखता येतो, जो विद्राव्यता चाचणीत सापडत नाही. जोडीदारांपैकी एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला सहसा औषध लागत नाही आणि तो सर्वसामान्य आयुष्य जगतो. पण आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते, वाहक असण्याची 50 टक्के आणि दोन्हींपासून मुक्त असण्याची 25 टक्के. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून दुसऱ्या वेळचा धोका कमी होत नाही. म्हणून तपासणी लग्नाआधी व्हावी. ती राहिली असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत करावी. पत्नी वाहक निघाली तर पतीचीही तपासणी लगेच व्हायला हवी.

काही गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर दात्याचे हिमोग्लोबिन मिसळून निष्कर्ष चुकू शकतो. सहा महिन्यांखालील बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त असल्याने विद्राव्यता चाचणीवर विसंबता येत नाही. सिकलसेल असलेल्या मधुमेहींमध्ये ‘तीन महिन्यांची साखर’ही फसवी ठरू शकते.

केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. या शिबिरात हाती पडलेला ‘पॉझिटिव्ह’ कागद पाहून घाबरू नये, ठरलेले लग्न मोडू नये आणि तो कागद कपाटातही ठेवून देऊ नये. तो घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे आणि एकच प्रश्न विचारावा : वाहक की रुग्ण?