बोटीच्या तळातले पावसाचे पाणी

शिडाच्या बोटीच्या तळाशी साचलेले पाणी पावसाचे की खालून झिरपलेले, हे समुद्रावर बहुधा चवीवरून कळते. रामटेकजवळच्या खिंडसी तलावात ही सोय नाही. तिथे दोन्ही पाणी गोडेच. म्हणून तळ कोरडा पुसून बोट ताडपत्रीने झाकायची. पाऊस पडूनही तळ कोरडा राहिला, तर गळती वरची. मग ताडपत्री काढून, खालून वर सरकत, एकेका खिडकीवर, झाकणावर, स्क्रूवर पाणी सोडायचे. आत दुसऱ्याने टॉर्च घेऊन बसायचे. घाई इथेच नडते. ठिबकते तिथेच भोक असते असे नाही. पाणी फळीच्या पोटाने हातभर लांब जाते. खडूची पूड भुरभुरली की ओघळाची वाट दिसते. डोलकाठी डेकमधून आरपार गेलेली असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. जुने सीलंट खरवडून, जागा वाळवूनच नवे भरावे. वरून थापलेले टिकत नाही.