तेलाच्या जुन्या खडकात कार्बन टिकतो का? वेबर्नचा पुरावा

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं वेबर्न तेलक्षेत्र १९५४ साली सापडलं. २००० पासून तिथे कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडला जातो. तो अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या, कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातून सुमारे ३२० किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनने येतो. जवळपास दीड किलोमीटर खोलीवरच्या दाबाखाली हा वायू द्रवासारखा दाट होतो आणि चुनखडीच्या बारीक छिद्रांत शिरतो. वर अभेद्य खडकाचं झाकण आहे. याच झाकणाने लाखो वर्षं तेल अडवून धरलं, म्हणून मला अशा जागा सर्वांत विश्वासाच्या वाटतात.

पण झाकणाला माणसानेच भोकं पाडली आहेत, त्यांचं काय? हा आक्षेप रास्त आहे. खरा धोका खडकापेक्षा नीट न बुजवलेल्या जुन्या विहिरींचा असतो. म्हणूनच देखरेख महत्त्वाची. २०११ मध्ये वेबर्नजवळच्या एका शेतात गळती झाल्याचा आरोप झाला, तेव्हा स्वतंत्र तपासणीत मातीतल्या वायूंचं परस्पर प्रमाण मोजलं गेलं. तो कार्बन डायऑक्साइड मुळं आणि जिवाणूंच्या श्वसनातून आलेला निघाला. म्हणजे शंका मोजून तपासता येते, हे फार मोलाचं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: या वायूच्या रेट्याने तिथे आणखी तेल काढलं जातं आणि ते जाळलंही जातं. त्यामुळे पुरलेल्या प्रत्येक टनातून त्या तेलाचा धूर वजा करूनच हिशेब मांडायला हवा. वेबर्नने साठवण शक्य असल्याचं दाखवलं. हवामानाचा नफा मात्र तेल काढणं थांबवून केलेल्या साठवणीतच पूर्ण पदरात पडेल.