आर, आर, आर... आणि एकच एस!

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखन सांभाळून घ्या!

आमची आजी विक्रोळीला कन्नमवार नगरात घरातच पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं, पण पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप! लघवीच्या नळीतून इन्फेक्शन. कल्चर रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे आर, आर, आर... मेरोपेनेमपुढेसुद्धा! आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही. फक्त एमिकासिनपुढे एस. ते इंजेक्शन किडनीला त्रास देऊ शकतं, त्यामुळे सारखं रक्त तपासायचं.

मग मी वाचायला लागले. 2009 मध्ये ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या लॅबने मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणारे 24 जंतू तपासले. त्यातल्या 22 मध्ये एनडीएम-1 नावाचं जीन सापडलं! हे जीन औषध तोडणारं एन्झाइम बनवतं, आणि हॉस्टेलमध्ये असाइनमेंट फिरते तसं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. जातही वेगळी असली तरी चालते. मार्च 2010 मध्ये हे आपल्याकडच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आलं. ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या जर्नलमध्ये आलं तेव्हा मात्र देशभर गदारोळ, तोही जास्त करून नावातल्या 'नवी दिल्ली'वरून!

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत. 'या महिन्यात एक इन्फेक्शन झालं' याला काही अर्थ नाही, भागायचं कशाने ते सांगा. समजा 20 पेशंटना प्रत्येकी 10 दिवस नळी होती, म्हणजे 200 नळी-दिवस. त्यात एक इन्फेक्शन, तर हजारामागे 5. पुढच्या महिन्यात हाच आकडा 15 झाला तर शोधायला लागायचं: कोणता वॉर्ड, कोणाचे हात, कोणतं बेसिन? नळी जितके दिवस आत, तितका धोका जास्त, म्हणून ती रोज मोजायची. रोज मोजलं की 'अजून हवी आहे का?' हा प्रश्न आपोआप पडतो.

(आमच्या मजल्यावर साध्या सर्दीला अझिथ्रोच्या दोन गोळ्या खाऊन उरलेली स्ट्रिप मैत्रिणीला देतात. सर्दी व्हायरसची, त्याला अँटिबायोटिकचं काय कौतुक! पोटातल्या बाकीच्या जंतूंना मात्र फुकट प्रॅक्टिस.)

आजी आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. परवा तिची फाईल चाळली. नळी घातल्याची तारीख आहे, काढल्याची कुठेच नाही.