वाळूखालचं घर आणि आपली लाँग ड्राइव्ह

कोळी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? छताच्या कोपऱ्यातलं जाळं आणि आईच्या हातातला झाडू. पण सगळेच कोळी असं जाळं विणत नाहीत. काही जण सरळ जमिनीत बीळ खोदतात, आतून रेशमाचं अस्तर लावतात. ट्रॅपडोअर कोळी तर वर बिजागरीचं झाकणही बसवतो. रात्री किडा शेजारून गेला की झाकण उघडतं, एक झडप, झाकण बंद. विषय संपला!

हे काही फक्त परदेशात नाही. 2005 मध्ये मंजू सिलिवाल आणि सहकाऱ्यांनी अशाच एका कोळ्याचं नामकरण केलं, इडिओप्स बॉम्बेएन्सिस. (हो, नाव मुंबईला मिळालं. पुणेकरांनी मोठ्या मनाने घ्यावं.)

पण खरी भारी गोष्ट कॅलिफोर्नियातली. 1997 मध्ये जेसन बाँड या संशोधकाला मॉस लँडिंगच्या समुद्रकिनारी वाळूच्या टेकड्यांत बिळात राहणारी एक कोळीण सापडली. ती वेगळी होती, पण नराशिवाय ओळख पक्की होईना. नर मिळाला थेट 2019 मध्ये! बावीस वर्षं, म्हणजे माझं अख्खं वय. 2020 मध्ये त्याला क्रिप्टोक्टेनिझा कावटाक हे नाव मिळालं. 'कावटाक' म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुत्सुन भाषेत समुद्रकिनारा.

या कोळ्यांची अडचण अशी की ते घर बदलत नाहीत. मादी बहुधा आयुष्यभर एकाच बिळात असते. ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी 1974 पासून नोंदी ठेवलेली 'नंबर 16' ही मादी 43 वर्षं जगली, त्याच बिळात. पिल्लंही फार लांब जात नाहीत. त्यामुळे जमिनीचा एक तुकडा सपाट झाला की तिथली अख्खी वस्तीच संपू शकते.

आता आपला लाँग वीकेंड आठवा. कोकणात पोहोचलो की गाडी थेट वाळूत, का तर रील हवी! टायरखाली वाळू दबते आणि बिळं बुजतात. कोळ्यांची असोत की खेकड्यांची. गाडी रस्त्यावर लावून चालत गेलं तरी समुद्र तेवढाच दिसतो.

आणि बिळातला कोळी बघायला कोकणातच जायला हवं असंही नाही. पावसाळा संपता संपता सकाळी लवकर वेताळ टेकडीवर जा. गवतात दवाने चमकणारी, चादरीसारखी पसरलेली जाळी दिसतील, एका टोकाला नळीसारखं भोक. हा हिप्पासा, लांडगा कोळ्यांपैकी एक. काडीने डिवचू नका. जरा वेळ हलू नका, तो आपणहून दारात येतो.